ईडेलहून किंडर डाउनफॉल: पेनाइन वेवरचा पहिला दिवस मित्रांसोबत

इंग्लंडमधला किंडर स्काउट हा डोंगर ६३६ मीटर, आपलं कळसूबाई १६४६ मीटर. एवढंच गणित करून आम्ही सहा जण पहिल्यांदा ईडेल स्टेशनवर उतरलो होतो. ऑक्टोबरचा मध्य होता आणि घड्याळात साडेअकरा वाजले होते, कारण एकाची ट्रेन चुकली आणि बाकीचे पाच त्याच्यासाठी ताटकळले. परत स्टेशनवर आलो तेव्हा मिट्ट काळोख झाला होता. सहा जणांत चालू असलेले मोबाइल दोनच उरले होते आणि एका गड्याच्या बुटाचा तळ लेसने पायाला बांधलेला होता. कुणाला साधं खरचटलंही नाही, पण परतीच्या ट्रेनमध्ये कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

डोंगराने आमचं काहीच बिघडवलं नव्हतं. सगळा घोळ आदल्या दिवशी घरीच झाला होता. त्यानंतर ही वाट मी बऱ्याचदा चाललो, बहुतेक वेळा कुणा ना कुणा नवख्याला घेऊन. इंग्लंडमध्ये नुकतेच आलेले, पायांत जोर असलेले, पण इथल्या माळाची सवय नसलेले चार-सहा मित्र मिळून पहिल्यांदा जाणार असाल, तर हे तुमच्यासाठी. यातला बराचसा भाग ट्रेनमध्ये बसण्याआधीचाच आहे.

वाट कुठली, आणि तिच्यातली किती

पेनाइन वे ही इंग्लंडमधली पहिली अधिकृत लांब पल्ल्याची पायवाट. डर्बीशरमधल्या ईडेलला ती सुरू होते आणि ४३१ किलोमीटरनंतर स्कॉटलंडच्या हद्दीत, कर्क येटम गावात संपते. टॉम स्टीफन्सन या पत्रकाराने १९३५ साली वर्तमानपत्रात तिची कल्पना मांडली. वाट प्रत्यक्ष खुली व्हायला २४ एप्रिल १९६५ उजाडला. बरोबर ३३ वर्षं आधी, २४ एप्रिल १९३२ रोजी, शेकडो तरुण कामगार हेफील्डच्या बाजूने याच किंडरवर बंदी मोडून चढले होते. तेव्हा हा माळ धनिकांच्या शिकारीसाठी राखलेला होता. झटापट झाली, पाच जणांना तुरुंगवास झाला. आज आपण परवाना, नोंदणी, तिकीट काहीही न काढता सरळ वर जातो. उघड्या माळावर पायी फिरायचा हा हक्क कायद्यात उतरायला २००० साल यावं लागलं. ट्रेनमध्ये वेळ असतो, तेव्हा नवख्यांना मी ही गोष्ट हमखास सांगतो. वर चिखलात कुरकुर थोडी कमी होते.

या वाटेचा नेहमीचा पहिला टप्पा ईडेल ते क्राउडन, २६ किलोमीटर. पहिल्याच वेळी तो घेऊ नका. मध्ये स्नेक पासचा डांबरी रस्ता लागतो, पण तिथे ना गाव आहे ना स्टेशन. म्हणजे अर्ध्यात एकाचे पाय बोलायला लागले, तरी सुटका नाही. त्यापेक्षा ईडेलहून निघायचं, जेकब्स लॅडरच्या दगडी पायऱ्यांनी किंडरच्या माथ्यावर चढायचं, कड्याच्या काठाने किंडर डाउनफॉलच्या धबधब्यापर्यंत जायचं आणि आल्या वाटेने परतायचं. जाऊन-येऊन साधारण १९ किलोमीटर. आल्या वाटेने परत येण्यात मजा नाही असं काही जण म्हणतील. त्यांना म्हणू द्या. परतीची वाट ओळखीची असली की निम्मी काळजी मिटते, आणि कुठूनही मागे वळता येतं.

तासांचं गणित

नवख्यांचा अंदाज फसतो तो वेळेच्या बाबतीत. सपाट फुटपाथवर आपण तासाला पाच किलोमीटर चालतो, तेव्हा १९ किलोमीटर म्हणजे चार तास, असं मनात बसतं. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली दिलेला ठोकताळा आजही कामाला येतो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि त्यावर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. आपल्या वाटेवर चढ-उतार धरून एकूण चढाई साधारण ५०० मीटर भरते. म्हणजे चालण्याचे तीन तास ५० मिनिटं, चढाईची ५० मिनिटं. झाले चार तास ४० मिनिटं.

पण नेस्मिथसाहेब काटक होते, आणि त्यांच्या हिशेबात फोटो, जेवण, लेस बांधणं, "जरा थांबा रे" यातलं काहीच नाही. मित्रांच्या घोळक्यासाठी या आकड्याची दीडपट करा: सात तास. आम्ही साडेअकराला निघालो होतो. सात तास मिळवले की साडेसहा होतात. ऑक्टोबरच्या मध्यात इथे सूर्य सव्वासहाच्या सुमाराला मावळतो. एवढी बेरीज कुणी स्वयंपाकघरात बसून केली असती, तर आम्ही त्या दिवशी चढलोच नसतो.

म्हणून पहिली फेरी मे ते सप्टेंबरमध्ये ठेवा. जूनमध्ये रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो. डिसेंबरच्या अखेरीस चारच्या आधीच सूर्य जातो. मँचेस्टरहून ईडेलला ट्रेनने पाऊण तास लागतो, शेफील्डहून त्याहून कमी. साडेनऊच्या आसपास ईडेलला पोचेल अशी गाडी धरा. परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून ठेवा, कारण दरीत मोबाइलची रेंज भरवशाची नाही. तीन किंवा अधिक जण एकत्र असाल तर गर्दीची वेळ सोडून तिकिटात गटाची सवलत मिळते का, तेही बघा; बऱ्याच रेल्वे कंपन्या ती देतात.

वळायची वेळ

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल, तर ही ठेवा. निघायच्या आदल्या रात्री ग्रुपवर एक वेळ जाहीर करा: या वेळेला आपण जिथे असू, तिथून मागे वळू. साडेनऊला निघालात तर ती दीडची असावी. धबधबा समोर दिसत असला, फक्त दहाच मिनिटं राहिली असली, तरी दीड वाजता वळायचं.

आदल्या रात्रीच का? कारण डोंगरावर कुणालाच पहिल्यांदा "परत जाऊ या" म्हणायचं नसतं. सहा जणांत चौघांना मनातून वळायचं असतं आणि प्रत्येकाला वाटतं, आपणच का वाईटपणा घ्यावा. वेळ आधी ठरलेली असली की तो वाईटपणा घड्याळाकडे जातो. शिवाय चढताना दमलेला माणूस कबूल करत नाही, पण घरी सोफ्यावर बसून तो अगदी शहाण्यासारखा बोलतो. त्या शहाणपणाचा फायदा घ्या.

त्याच रात्री आणखी दोन कामं वाटून घ्या. पुढे राहणारा एक आणि शेवटी राहणारा एक. शेवटच्याच्या मागे कुणीही असता कामा नये, आणि तो चांगला चालणारा हवा. आपल्याकडे उलटं होतं: तगडे गडी पुढे सुटतात, दमलेला बिचारा शेवटी एकटा. पुढचे वाट बघत दहा मिनिटं बसतात, तो धापा टाकत पोचतो आणि तो पोचला की ते लगेच उठून चालायला लागतात. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. सगळ्यांत हळू चालणाऱ्याला पुढून दुसरा ठेवा. गटाची चाल आपोआप त्याच्या चालीला येते.

घरी राहणाऱ्या एखाद्या विश्वासू माणसाला वाट, सगळ्यांची नावं आणि "या वेळेपर्यंत फोन आला नाही तर मदत मागव" अशी एक वेळ सांगून ठेवा. आणि उतरल्यावर त्याला फोन करायला विसरू नका.

बूट

बूट कुठल्या कंपनीचे यावर मित्रांत तासभर वाद होतो. त्या वादात पडू नका. तीन गोष्टी बघा: तळाला खोल खाचा हव्यात, उतारावर अंगठा पुढे आदळू नये एवढी जागा हवी, आणि ते पायात आधी किमान ४०-५० किलोमीटर चाललेले हवेत. नवे कोरे बूट पहिल्यांदा डोंगरावर घालणं म्हणजे फोडांना आवतण.

जुन्या बुटांचा धोका मात्र फार कमी जणांना माहीत असतो. आमच्या त्या गड्याचे बूट चांगले महागाचे होते, सहा-सात वर्षांपूर्वी घेतलेले, दोनदाच वापरून कपाटात ठेवलेले. दिसायला नवे. जेकब्स लॅडरच्या तिसऱ्या वळणावर त्याचा उजवा पाय "चप" असा वाजायला लागला. खाली बघितलं तर टाचेकडून तळ लोंबतोय, आणि मधला थर बोटाने चुरडला तर शिळ्या केकसारखा भुगा होऊन पडतोय. बऱ्याच बुटांत तळ आणि वरचा भाग यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. हवेतल्या ओलाव्याने त्याचं रासायनिक विघटन होतं, आणि पडून राहिलेल्या बुटांचंही होतं. म्हणून कपाटातून जुने बूट काढलेत तर आधी तळ दोन्ही हातांनी वाकवा, मधल्या थरात नख रोवा, बारीक चिरा दिसतात का बघा. नंतर घराजवळ दोन तास चाला. तळ सुटायचाच असेल तर दाराशी सुटू दे.

सॅकमध्ये चिकटपट्टीची छोटी गुंडाळी ठेवा. ती बुटाला चालते, फाटलेल्या रेनकोटला चालते, आणि टाचेवर "गरम लागतंय" असं वाटताक्षणी तिथे लावली तर फोड टळतो. फोड आल्यावर लावून फारसा उपयोग नाही. म्हणून ज्याला पाय गरम लागतोय त्याने तेव्हाच थांबायचं आणि बाकीच्यांनी तोंड वाकडं करायचं नाही.

अंगावर आणि पाठीवर

जीन्स नको, सुती टी-शर्टही नको. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि वारा लागला की अंगातली ऊब ओढून घेतं. अंगाला लागून घाम सुकवणारा कृत्रिम धाग्याचा किंवा लोकरीचा थर, त्यावर फ्लीस, आणि सगळ्यांत वर खरोखर पाणी अडवणारं जाकीट. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे ईडेल गावापेक्षा किंडरवर अडीच-तीन अंश कमी. ऐकायला हे काहीच नाही. पण वर एकही झाड नाही आणि वारा थेट अंगावर येतो. जुलैतसुद्धा टोपी आणि हातमोजे सॅकमध्ये असू द्या.

पाणी माणशी दोन लिटर, घरूनच भरून. वरचे ओढे चहासारखे तपकिरी दिसतात, तो पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या काळ्या मातीचा रंग. पण माळावर सगळीकडे मेंढ्या असतात, त्यामुळे गाळून-उकळून घेतल्याशिवाय ते पाणी पिऊ नये. खायला असं घ्या की थंड हाताने, उभ्या उभ्या, वाऱ्यात खाता येईल. हेडटॉर्च प्रत्येकाकडे स्वतःचा हवा, उन्हाळ्यातही. शिट्टी, थोडं प्रथमोपचाराचं सामान, चार्ज केलेली पॉवर बँक. सामान भिजू नये म्हणून सॅकच्या आत एक मोठी प्लास्टिकची पिशवी घाला. सॅकवरचं रेनकव्हर वाऱ्यात उडून जातं, आत पिशवी असली की काळजी नाही.

नकाशा, अॅप आणि हवामान

ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा डार्क पीक भागाचा नकाशा, क्रमांक ओएल १, प्रमाण १:२५,०००. म्हणजे कागदावरचे चार सेंटिमीटर जमिनीवरचा एक किलोमीटर. त्यात हिरव्या तुटक रेषा म्हणजे सार्वजनिक वाटा, आणि पेनाइन वेवर हिरवे हिऱ्याच्या आकाराचे ठिपके असतात. फिकट पिवळा रंग म्हणजे जिथे वाट सोडूनही पायी फिरायचा हक्क आहे असा माळ. मोबाइलवर अॅप जरूर ठेवा, मीही ठेवतो, पण नकाशा आधीच डाउनलोड करा. थंडीत बॅटरी भराभर उतरते आणि ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही.

खुणांच्या भरवशावर राहू नका. खाली शेतांमध्ये खांबांवर बाण भेटतात: पिवळा पायी जाणाऱ्यांसाठी, निळा घोडे आणि सायकली चालतात त्या वाटेसाठी, आणि राष्ट्रीय वाटेची खूण म्हणजे ओकचं फळ. माथ्यावर गेलात की हे सगळं विरळ होतं.

हवामान बघताना शहराचा अंदाज बघू नका. मेट ऑफिस, म्हणजे इथलं हवामान खातं, पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागासाठी (किंडर त्यातच येतो) वेगळा अंदाज देतं, तो आदल्या संध्याकाळी आणि निघताना वाचा. पावसापेक्षा वाऱ्याच्या आणि ढगांच्या तळाच्या आकड्याकडे लक्ष द्या. ताशी ३५ मैलांच्या पुढे वारा असेल, किंवा ढग ५०० मीटरच्या खाली बसणार असतील, तर खालच्या दरीतल्या वाटा काही वाईट नाहीत.

चालायला लागल्यावर

स्टेशनपासून गाव दहा-पंधरा मिनिटांवर. वाटेत सार्वजनिक स्वच्छतागृह आहे, तिथे सगळ्यांनी जाऊन घ्या. पुढे दिवसभर काही नाही. गावाच्या वरच्या टोकाला ओल्ड नॅग्ज हेड नावाचा पब, तिथूनच पेनाइन वे सुरू होते. फोटो इथेच काढून टाका.

पहिला तासभर शेतांमधून, हलक्या चढ-उताराने अप्पर बूथ वस्तीपर्यंत. गेट जसं होतं तसंच सोडायचं: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. शेवटचा भिडू गेटला जबाबदार. गाई दिसल्या तर गडबड करू नका, पण वासरं असलेल्या गाईंना लांबून वळसा घाला, आणि गाय-वासरामध्ये कधीही शिरू नका. बरोबर कुत्रा असेल आणि गाई धावून आल्या, तर त्याचा पट्टा सोडून द्या. त्यांचा राग कुत्र्यावर असतो आणि तो तुमच्यापेक्षा जोरात पळतो. माळावर मात्र १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा आखूड पट्ट्यावरच हवा, कारण तेव्हा पक्षी जमिनीवर अंडी घालून बसलेले असतात.

अप्पर बूथनंतर दरी आवळत जाते आणि नोई नदीवरचा दगडी पूल येतो. एका घोड्यापुरता अरुंद. त्याच्या पलीकडे जेकब्स लॅडर, दगडी पायऱ्यांची खडी चढण. जेकब मार्शल नावाच्या अठराव्या शतकातल्या शेतकऱ्याने या पायऱ्या खोदल्या असं सांगतात: घोडा नागमोडी वाटेने हळूहळू चढायचा, आणि हा पायऱ्यांनी आधी वर पोचून त्याची वाट बघत बसायचा. दिवसातली सगळ्यांत मोठी चढण हीच. बोलता बोलता चढता येईल एवढाच वेग ठेवा. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला. जाकीट चढण सुरू व्हायच्या आधीच काढा, वर वारा लागला की घाम सुकायच्या आत घाला.

पायऱ्या संपल्या की थोडं पुढे वाट उजवीकडे माथ्याकडे वळते, ईडेल रॉक्सच्या खडकांजवळून 'किंडर लो' नावाच्या जागेकडे. तिथे ६३३ मीटरवर मोजणीचा पांढरा खांब आहे. हवा स्वच्छ असेल तर ही दिवसातली सगळ्यांत सोपी जागा. धुकं असेल तर सगळ्यांत फसवी. उघड्या काळ्या मातीत पायवाटा दहा दिशांनी फुटलेल्या, आणि दगडांच्या राशी इतक्या ठिकाणी रचलेल्या की कुठलीही रास "इकडे या" म्हणते. आम्ही तसंच केलं. एका राशीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे, आणि अर्ध्या तासाने आम्ही ग्रफमध्ये होतो. ग्रफ म्हणजे पीटमध्ये पाण्याने कोरलेले खोल चर. आत उतरलं की दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर काळ्या भिंती. बाहेर चढायला गेलात की लोण्यासारखी माती पायाखालून निसटते, आणि वर आलात तर समोर पुढचा चर.

तिथे एक सोपी खूण लक्षात ठेवा. किंडर लोहून डाउनफॉलकडे जाताना तुम्ही उत्तरेकडे जात असता आणि डावीकडे सतत उतार हवा. हवा स्वच्छ असेल तर त्या उतारापलीकडे खाली किंडरचा जलाशय चमकताना दिसतो. डावीकडे उतार नाही आणि पायाखाली दगडाऐवजी नुसतं काळं पीट आहे, म्हणजे चुकलात. पुढे जाऊन "सापडेल" म्हणू नका. शेवटची खात्रीची जागा जिथे होती तिथे परत या. होकायंत्र वापरायची सवय नसेल आणि खांबाजवळून पुढची वाट दिसत नसेल, तर खांबाला हात लावायचा आणि माघारी यायचं. तेवढंही चालणं १५ किलोमीटरचं होतं, लाज वाटण्यासारखं काही नाही.

या माळावर लाल ग्राउझ नावाचा कोंबडीएवढा पक्षी असतो. तुमच्या पायाजवळच्या झुडपातून एकदम भर्र उडतो आणि "गो-बॅक, गो-बॅक, गो-बॅक" असा ओरडत जातो. इंग्रजांनी त्याच्या ओरडण्याचं हेच रूप ठरवलंय. धुक्यात चुकलेलं असताना तो दोनदा ओरडला तेव्हा आमच्यातला एक म्हणाला, "याला कळतंय, आपल्याला नाही."

किंडर लोहून डाउनफॉल दोनेक किलोमीटर. वाट काठाने जाते, मोठाले खडक, मधूनमधून छोटे ओढे. धबधबा ३० मीटरचा, पीक डिस्ट्रिक्टमधला सगळ्यांत उंच. उन्हाळ्यात बऱ्याचदा नुसती ओली रेघ असते आणि लोक हिरमुसतात. पण जोराचा पश्चिमेचा वारा असेल तर पाणी खाली पडायच्या ऐवजी उलटं वर उडतं, आणि त्याचा फवारा माळावर पसरतो. तो बघायला उभे राहाल, तर काठापासून लांब उभे राहा. ओला खडक साबणासारखा असतो.

जेवण खडकाच्या आडोशाला, वीस मिनिटं, जाकीट घालून. संत्र्याची सालं आणि केळ्याची सालंही परत न्यायची. थंड, आंबट पीटमध्ये ती फार हळू कुजतात. शेकोटी किंवा बार्बेक्यू अजिबात नाही. वाळलेलं पीट जमिनीच्या आत धुमसत राहतं आणि आग विझली असं वाटल्यावर दुसरीकडून वर येते.

बिघडलंच तर

रेंज असेल तर ९९९ किंवा ११२ लावा, आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचाव पथक, सांगा. पथकातले हे सगळे स्वयंसेवक असतात आणि पैसे घेत नाहीत. पण म्हणून टॅक्सीसारखं बोलवायचं नाही. नकाशावरचा ग्रिड संदर्भ द्या: दोन अक्षरं आणि सहा आकडे, यातून १०० मीटरच्या चौकोनात तुमची जागा कळते. किती जण, काय लागलंय, अंगावर किती कपडे, फोनची बॅटरी किती, हे सांगा आणि मग जागा सोडू नका. फोनवर बोलण्याइतकी रेंज नसेल तरी कधी कधी लेखी संदेश जातो. त्यासाठी घरूनच ९९९ वर इंग्रजीत 'रजिस्टर' हा शब्द पाठवून नोंदणी करून ठेवावी लागते. दोन मिनिटांचं काम आहे, ट्रेनमध्ये सगळ्यांकडून करून घ्या. फोन मेलाच तर शिट्टी: मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट शांत, परत सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं.

पाय मुरगळण्याइतकाच गारठ्याचा धोका असतो आणि तो मुकाट येतो. नेहमी बडबडणारा मित्र गप्प झाला, अडखळायला लागला, चिडचिड करतोय, जीभ जड वाटते, म्हणजे त्याला थंडी बाधतेय. त्याला "ठीक आहेस ना?" विचारू नका, तो हो म्हणणार. आडोसा शोधा, सॅकवर बसवा म्हणजे जमिनीची थंडी लागणार नाही, ओले कपडे बदला, टोपी घाला, गोड खायला द्या. आणि लगेच खाली.

उतार, आणि घरी आल्यावर

परतताना जेकब्स लॅडर चढण्यापेक्षा वाईट वाटते. गुडघे थकलेले, दगड ओले, लक्ष ट्रेनकडे. निघायच्या आधी लेस पुन्हा घट्ट आवळा, म्हणजे बोटं पुढे आदळत नाहीत. छोटी पावलं टाका, काठी असेल तर थोडी लांब करून घ्या. गाडी पकडायला धावू नका. दुसऱ्या गाडीची वेळ लिहिलेला कागद खिशात आहेच.

रात्री आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड चिकटलाय का ते बघा. असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा, पिरगळू नका, तेल-मेणबत्तीचे उपाय नकोत. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ पसरताना दिसलं तर डॉक्टरकडे जा.

बुटांवरचं पीट ओलं असतानाच साध्या पाण्याने आणि ब्रशने काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, आणि रेडिएटरवर ठेवू नका, चामडं आणि डिंक दोन्ही तडकतात. वाळल्यावर कपाटात टाकण्याआधी तळ एकदा वाकवून, मधल्या थरात नख रोवून बघा.